इथे श्वास घे

माहिती चौकी, उद्यानाचं पूर्व फाटक
२७ ऑगस्ट

तीर्थरूप काकांना नमस्कार, आणि त्यांच्या लाल पेनाला वेगळा नमस्कार,

आधी पेन खाली ठेवा. पत्र पूर्ण वाचा, मग हव्या तेवढ्या चुका काढा.

माझं इथे बरं चाललंय. डोंगर बिचारा एक आणि त्याला बघणारे दिवसाला चार हजार. प्रत्येक गाडीला आत शिरायची वेळ ठरवून दिलेली असते आणि प्रत्येक गाडी ती चुकवूनच येते. मग माझ्या खिडकीशी हुज्जत. आज सकाळपासून आलेले प्रश्न असे: अस्वल किती वाजता येतं? डोंगर बंद कधी होतो? वरून खाली बघायचं तिकीट वेगळं आहे का?

खाली गावात एकच रस्ता, त्यावर अकरा दुकानं आणि अकराही दुकानांत तीच लोकरीची टोपी. काल एक हरीण भर चौकात बँकेसमोर बसलं, तर तासभर कुणाची भोंगा वाजवायची छाती झाली नाही. खिंडीपलीकडे पश्चिमेला दुसरं गाव आहे. त्यांचं म्हणणं, डोंगराचं तोंड त्यांच्याकडे आहे आणि आम्हाला नुसती पाठ दिसते. आमच्या गावचा न्हावी या विषयावर वस्तरा हातात घेऊन बोलतो, त्यामुळे गिऱ्हाईकाला त्याचं लगेच पटतं.

पण लिहायचं कारण वेगळंच. यंदा सगळ्या पाट्या नव्याने रंगवून घेतोय. पहिली पाटी काल लागली: 'अस्वलांना खाऊ नका.' एका गृहस्थांनी खिडकीशी येऊन शांतपणे विचारलं, "बरं, आणि हरणांचं काय?"

काका, तुम्ही या ना. वीस ऑक्टोबरला बर्फामुळे वरचा रस्ता बंद होतो आणि हंगाम संपला की माझी बदली थेट समुद्रकाठी. याच उद्यानाच्या मार्गदर्शिकेच्या चार आवृत्त्या तुम्ही दोघांनी तपासल्या. काकू मोठ्याने वाचायची, तुम्ही खुणा करायचात, आणि इथे पाऊल मात्र एकानेही टाकलं नाही. काकू जाऊन दीड वर्ष झालं. त्या दीड वर्षात तुम्ही कोपऱ्यावरच्या छापखान्यापलीकडे गेलेला नाहीत, हे मला न सांगताही कळतं.

तुमची,
भटकी



३ सप्टेंबर

चि. भटकीस आशीर्वाद. जपून वापर, जास्त शिल्लक नाहीत.

'अस्वलांना खाऊ देऊ नका.' 'देऊ' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. तो गाळल्यामुळे एखादं अस्वल जिवाला मुकेल. पाटी आजच्या आज उतरव. तुझ्या पत्रात एकही चूक सापडली नाही, याची मला जरा काळजी वाटते. तब्येत बरी आहे ना?

येण्याबद्दल. तिथे मला माहीत नाही असं काय आहे? वरच्या रस्त्याला एकेचाळीस वळणं, पान बासष्ट. तेहतिसाव्या वळणावरून निळं तळं दिसतं, पान सत्तर. उद्यानाची बस तिसाव्या वळणापर्यंत जाते, पुढे पायी, पान एकाहत्तर, तळटीप. सगळं बसल्या जागी तोंडपाठ आहे. शिवाय माझा उजवा गुडघा सध्या माझं ऐकत नाही. आणि खोकल्याच्या औषधाच्या कागदांची कामं आली आहेत. 'जेवणानंतर' आणि 'जेवणाऐवजी' यांत छापखान्याला फरक वाटत नाही. मी गेलो तर शहर उपाशी राहील.

हल्ली मी एकटाच वाचतो. मोठ्याने वाचून बघितलं, पण मीच वाचतो आणि मीच ऐकतो, त्यात काही मजा नाही.

काका



१० सप्टेंबर

तीर्थरूप काका,

गुडघ्याला माझा नमस्कार सांगा. खोटं बोलायला तुम्ही त्याला चांगलं शिकवलंय.

इकडे नवीन संकट. हरणं जिथे रस्ता ओलांडतात तिथे 'पुढे हरणे आहेत' अशी पाटी हवी होती. आमच्या रंगाऱ्याने 'त' गाळला. आता प्रत्येक वळणावर 'पुढे हरणे आहे'. एक मोटारवाले काच खाली करून म्हणाले, "बाई, मग परत फिरून काय उपयोग? घरीही तेच आहे." झऱ्यापाशी 'शांतता राखावी' च्या जागी 'शांतता राखीव' झालंय. लोक विचारतात, कुणासाठी?

तुम्ही एकदा येऊन सगळ्यांवर नजर फिरवाल तर उपकार होतील. निदान सोबतचा मजकूर तरी तपासून पाठवा. तेहतिसाव्या वळणावर लावायचा आहे आणि तो मी स्वतः लिहिलाय:

'या वळणावरून खाली दिसणारे मनोहर तळे हिमनदीने कोरलेले असून त्याच्या काठाने जाणारी पायवाट चढणीची व निसरडी असल्यामुळे वयस्करांनी लहानांनी व विशेषतः घाईत असलेल्यांनी जपून चालावे.'

'मनोहर' खोडू नका हं. खोडलंत तर मी खाली टिंबं देईन. आठवतंय ना? माझ्या तिसरीच्या निबंधात 'माझी काकू जगात सर्वात मोठ्याने वाचते' हे वाक्य तुम्ही लाल पेनाने उडवलंत. काकूने पेन ओढून घेतलं आणि प्रत्येक अक्षराखाली एकेक टिंब दिलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "टिंबं म्हणजे, खोडणाऱ्याचं ऐकू नका, आहे तसं राहू द्या." शाळेतल्या बाईंना ते काही कळलं नाही. त्यांनी टिंबांचे दोन गुण कापले.

भटकी



१७ सप्टेंबर

चि. भटकीस,

मजकूर तपासून सोबत पाठवला आहे. 'मनोहर' ठेवलंय. वाक्य तू एका दमात लिहिलं आहेस, वाचणारा कड्यावरच गतप्राण होईल. स्वल्पविराम घातले आहेत.

समोरच्या घरातली दंतवैद्य पुढच्या आठवड्यात तुमच्याच डोंगरावर सुटीला जाते आहे. 'तुम्हीही चला' म्हणाली. माझ्या दाढेचं काम अर्धवट सोडून ती स्वतः जाते आणि वर मलाच बोलावते! मी तोंड उघडं असल्यामुळे काही बोलू शकलो नाही.

तुझ्या रंगाऱ्याचं वय काय, चष्मा आहे का, हे कळव. एवढ्या चुका एक माणूस सहज करत नाही.

काका



२६ सप्टेंबर

तीर्थरूप काका,

घोटाळा झाला. अगदी खराखुरा.

तुम्ही तपासलेला कागद मी तसाच रंगारीबुवांच्या हातात दिला आणि फाटकावर गर्दी आवरायला गेले. बुवांचा बाणा असा की कागदावर जे दिसेल ते रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही. आता ऐका. तुम्ही 'असून' च्या पुढे हंसपद केलं होतं, शब्द सुटला की करतो ती उभ्या चिमट्यासारखी खूण. आणि समासात लिहिलं होतं: 'इथे श्वास घे.' बुवांनी आधी तेच रंगवलं. पाटीच्या मधोमध, वीतभर अक्षरांत, वर हंसपदासकट. उरलेल्या जागेत माझं हिमनदीचं वाक्य मावेना, म्हणून ते पाटीच्या मागच्या बाजूला, जिथे फक्त दरी ते वाचू शकते.

मी पाटी बघितली तेव्हा ती सिमेंटात बसून तीन दिवस झाले होते. आणि काका, लोक थांबतात हो. धापा टाकत येतात, पाटी वाचतात आणि मुकाट्याने बाकावर बसतात. हंसपदाला शिखराचं चिन्ह समजून त्याच्या शेजारी फोटो काढतात. एक आजोबा मला म्हणाले, "इतक्या वर्षांत सरकारी पाटी माझ्याशी पहिल्यांदाच घरच्यासारखं बोलली."

पण आमच्या मुख्य साहेबांनी ती बघितली. आम्ही त्यांना आपसात 'परिपत्रक' म्हणतो, कारण ते तसेच बोलतात. "जनतेला 'घे'? अरे-तुरे? 'श्वास घेण्यात यावा' असे हवे." पाटी काढायची की ठेवायची यावर सोळा ऑक्टोबरला पश्चिमेकडच्या गावातल्या मुख्य कचेरीत बैठक आहे. मजकूर तपासणाऱ्याचं मत मागवलंय, म्हणजे तुमचं.

एक विचारू? ते 'घे' कुणाला लिहिलं होतंत? मला तर तुम्ही इतकं हळुवार कधीच लिहीत नाही.

भटकी



३ ऑक्टोबर

चि. भटकीस,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला ठाऊक आहे, तरी लिहितो.

तुझी काकू वाचायला लागली की थांबायचीच नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद, सगळं एका दमात पार. माझं पेन मागे राहायचं. ओरडून सांगितलं तर रागवायची. म्हणून तिच्या प्रतीवर, जिथे स्वल्पविराम यायचा तिथे, मी आधीच समासात लिहून ठेवायचो, 'इथे श्वास घे.' एकतीस वर्षं. तुझं लांबलचक वाक्य दिसलं आणि हात आपोआप चालला. पाकीट बंद करतानाही लक्षात आलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा आलं.

मत विचारलंस. परिपत्रकांचं बरोबर आहे. सार्वजनिक पाटीवर 'घ्यावा' हवं. ते वाक्य लोकांसाठी नव्हतंच. उतरवू देत.

आता दुसरी गोष्ट. दंतवैद्यबाईंनी तिथे गेल्या आठवड्यात स्वतः काढलेला फोटो पाठवला. पूर्व फाटकाचा आहे. त्यात पाटी स्वच्छ दिसते: 'अस्वलांना खाऊ देऊ नका.' शेजारी 'पुढे हरणे आहेत', 'त' सकट. दोन्हींचा रंग चांगला पाचसहा वर्षं जुना. वयाच्या नवव्या वर्षी दूधवाल्याच्या चिठ्ठीतली वेलांटी दुरुस्त करणारी पोर असली पाटी लागूच देणार नाही, हे मला पहिल्या पत्रातच कळलं होतं. बिचाऱ्या रंगाऱ्यावर उगाच आळ घेतलास. मी बोललो नाही, कारण पत्रं येत होती.

येणं जमणार नाही. गुडघा खरंच दुखतो.

काका



८ ऑक्टोबर

काका,

हो, सगळ्या थापा होत्या. तुम्हाला चूक दिसली की राहवत नाही, म्हणून चुकांचं आमिष लावलं. मला वाटलं, हा माणूस बायकोच्या आठवणीने घराबाहेर पडत नाही, माझ्या आग्रहाने पडत नाही, निदान गाळलेल्या 'त' साठी तरी पडेल.

मला पाट्यांचं काही पडलेलं नाही. तुम्ही त्या खोलीत एकटे बसून खोकल्याचं औषध वाचत बसता, ते मला सहन होत नाही. मी दहा वर्षं त्या खोलीच्या दारात बसून अभ्यास केला, तेव्हा तिथून सतत आवाज यायचा. आता येत नाही, हे मला इतक्या लांबून ऐकू येतं.

सोळा तारखेला मी बैठकीला पलीकडच्या गावी जाते. परिपत्रकांनी बैठकीच्या निकालाची वाट न बघता पाटी त्याच सकाळी उतरवायला सांगितलंय. तुमचं मत कळवते त्यांना.

पुढे हरणे आहे. या वेळी 'त' मी गाळलेला नाही.

भटकी



तेहतिसावं वळण
१६ ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा

चि. भटकीस,

हे पत्र खोकल्याच्या औषधाच्या कागदाच्या पाठीवर लिहितो आहे. दुसरा कागद आणला नाही. आणायला हवा होता, पण घाईत निघालो. दंतवैद्यबाईंनी दाढ पूर्ण केली आणि स्टेशनपर्यंत सोडलं. मधे मी दोनदा परत जातो म्हणालो, तर तिने गाडीची दारं आतून बंद करून घेतली.

बस तिसाव्या वळणापर्यंत आली. मार्गदर्शिकेत पुढे लिहिलंय, 'तीन वळणे पायी, सोपा चढ.' ते 'सोपा' चारही आवृत्त्यांत मी तपासून पुढे जाऊ दिलं. मी त्या शब्दाची जाहीर माफी मागतो. एकतिसाव्या वळणाला गुडघा बोलला. बत्तिसाव्याला मी त्याला उलट बोललो. तेहतिसाव्याला आलो तेव्हा माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं, छाती भात्यासारखी चालली होती, आणि समोर माझंच अक्षर. वीतभर.

तळं दिसलं. भटके, ते निळं नाही. हिरवं आहे! आम्ही दोघांनी चार वेळा 'निळे तळे' वाचलं, खुणा केल्या, सह्या केल्या, आणि ते आपलं खुशाल हिरवं. मी शेजारी वळलो तिला सांगायला. बाकावर कुणीच नव्हतं. मग मी रडलो. दोन बायका आणि एक दुर्बीणवाले थांबले, त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि पाणी दिलं.

तेव्हा मी पाटी वाचली. म्हणजे तपासली नाही, वाचली. एकतीस वर्षं ते वाक्य मी तिला लिहिलं. आज पहिल्यांदा ते कुणीतरी मला म्हटलं. आवाजही तिचाच होता, जरा मोठाच.

मी घेतला.

एवढ्यात तुझे रंगारीबुवा पेचकस घेऊन पाटी उतरवायला आले. मी त्यांना म्हटलं, थांबा. म्हणाले, साहेबांचा हुकूम आहे. मी म्हटलं, मजकूर तपासणारा मी आहे आणि माझं मत बदललंय. लाल पेन काढलं आणि 'इ' खाली, 'थे' खाली, 'श्वा' खाली, 'स' खाली आणि 'घे' खाली एकेक टिंब दिलं. बुवांनी चष्म्यातून बघितलं, विचारलं, "हे रंगवायचं का?" मी म्हटलं, रंगवायचं. त्यांनी पेचकस खिशात टाकला. भला माणूस आहे, त्याची क्षमा माग.

हे पत्र त्यांच्याजवळ देतो. मी खाली तुझ्या चौकीत जाऊन तुझी वाट बघत बसेन. उतरताना हळूहळू उतरणार आहे.

काका



२४ ऑक्टोबर

तीर्थरूप काका,

सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. दोन दिवस तुम्ही माझ्या खिडकीशी बसलात, ती खुर्ची अजून कुणाला हलवू दिली नाही. 'डोंगर बंद कधी होतो' विचारणाऱ्या बाईंना तुम्ही 'जेवणानंतर' म्हणून सांगितलंत, त्या परवा पुन्हा आल्या होत्या. जेवून.

आता पाटीची गोष्ट. बैठकीत काहीच ठरलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात त्याच दुपारी परिपत्रक स्वतः पाहणीला आले. बसमधून तिसाव्या वळणाला उतरले आणि तरातरा चढायला लागले. तेहतिसाव्याला पोचेपर्यंत चेहरा लाल. पाटीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून शब्द येईना. शेवटी बाकावर बसले. तळ्याकडे बघत पाव तास बसले. मी परिपत्रकाची वाट बघत उभी. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "राहू दे."

'ठेवण्यात यावी' नाही, काका. 'राहू दे.'

वीस तारखेला वरचा रस्ता बंद झाला. माझी बदली पुढच्या महिन्यात आहे. समुद्रावरही पाट्या असतात असं ऐकते, तेव्हा गुडघ्याला तयार ठेवा. या वेळी थापा मारणार नाही, सरळ बोलावणार आहे.

एक सांगायचं राहिलं. बुवांनी तुमची टिंबं पांढऱ्या रंगात रंगवली, पाचही, अगदी गोल. शेवटच्या दिवशी मी वर गेले तर पाटीसमोर वीसेक माणसं डोळे मिटून उभी होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती. मी बुवांना विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, "लोक विचारतात, खालची टिंबं कसली. मी सांगतो, पाच वेळा घ्यायचा."

मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. मीही तिथे उभी राहिले आणि पाच घेतले. शेवटचा काकूसाठी, जरा मोठ्याने.

तुमची,
भटकी